कुत्रं नळाजवळ बसलं: न उलगडलेल्या खुनाभोवती एका गल्लीने केलेले तर्क

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातलं. ओळख पटू नये म्हणून गल्ली, वयं, नाती आणि काही आकडे बदलले आहेत, घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. तपास अजून चालू आहे, त्यामुळे खून कोणी केला असेल याबद्दल इथे एक शब्दही नाही. गल्लीने काय तर्क केले, त्यातून कुणाचं काय नुकसान झालं आणि ते निस्तरायला काय करून पाहिलं, एवढंच इथे मांडलं आहे.

गल्ली पूर्व भागातल्या इतर गल्ल्यांसारखीच. पुढे राहतं घर, मागे टॉवेल-चादरीचा कारखाना. घरात तेलुगू, दारात मराठी. रात्रपाळीला माग चालू असले की शेजारच्या घरात कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे महिनाभर "ओरडली कशी नाही? म्हणजे ओळखीचाच असणार" हा तर्क सगळ्यांच्या तोंडी होता. तो करणारे स्वतः त्याच खडखडाटात झोपलेले होते.

मयत बाई साठीतल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. गल्ली त्यांना भिशीवाल्या अक्का म्हणायची. भिशी चोवीस जणांची, महिना दोन हजारांची, म्हणजे दरमहा अठ्ठेचाळीस हजार एकाच्या हातात. पंधरा भिश्या उठल्या होत्या, नऊ बाकी होत्या. पुतण्या तीन घरं सोडून राहायचा.

पहिले बारा तास

मे महिना होता. सकाळी साडेसहाला दारावरची दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली म्हणून पुतण्या आत गेला आणि त्याने आरडाओरडा केला. पोलीस येईपर्यंत घरात चाळीसेक माणसं येऊन गेली होती. कुणीतरी मोरीतला चालू नळ बंद केला, कुणी अंगावर चादर टाकली, कुणी कपाटाचं उघडं दार लोटून घेतलं. यातलं प्रत्येक काम मायेने झालं, आणि प्रत्येकाने पंचनाम्यासाठीची जागा बदलली. सात वाजून दहा मिनिटांनी आतला फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला.

साडेनऊला श्वान पथक आलं. घरातून बाहेर पडून कुत्रं डावीकडे वळलं, चाळीसेक फूट गेलं आणि सार्वजनिक नळाजवळ बसलं. नळाला लागूनच एका जॉबरचं दार आहे. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. पाच-सहा कारखान्यांचं काम एकटा बघतो, रात्री-अपरात्री बोलावणं येतं. अकरा वाजेपर्यंत वाक्य तयार झालं होतं: "कुत्रं थेट त्याच्याच दारात जाऊन बसलं म्हणायलेत."

अडचण

अफवा हवेतून आली नव्हती. तीन खऱ्या पण छोट्या गोष्टींचा चुकीचा अर्थ लावून ती उभी राहिली. त्या तिन्ही नीट समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

पहिली गोष्ट कुत्र्याची. श्वान माणूस ओळखून दाखवत नाही, वासाचा माग काढतो. माग जिथे तुटतो तिथे तो थांबतो किंवा बसतो. गुन्हेगार गाडीवर बसून गेला, पाण्याने हात-पाय धुतले, किंवा त्याच वाटेने मागाहून पन्नास माणसं गेली, तर माग तिथेच संपतो. इथे नळ होता, ओली फरशी होती आणि तीन तास गर्दीची ये-जा झाली होती. न्यायालयंही श्वानाच्या मागाला एकट्याने फारसं वजन देत नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. तपासाला दिशा मिळते, पुरावा तयार होत नाही.

दुसरी गोष्ट नोटिशीची. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी बारा जणांना बोलावलं. त्यात पुतण्या होता, भाडेकरू होता, दूधवाला होता आणि जॉबरही होता. सगळ्यांना आलेली नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची होती, म्हणजे साक्षीदार म्हणून हजर राहण्याची. ज्याच्यावर संशय असतो पण अटकेची गरज वाटत नाही, त्याला कलम ३५(३) ची नोटीस जाते. कागद दिसायला सारखेच, ठाण्याचा शिक्काही तोच. गल्लीत फक्त "नोटीस आली" एवढंच पोचलं. बारापैकी अकरा जण दुपारी घरी परतले. जॉबरला संध्याकाळी सात वाजेपर्यंत बसावं लागलं, कारण तो कुठल्या रात्री कुठल्या कारखान्यात होता हे एकेक तपासायचं होतं. उशीर झाला म्हणजे कबूल केलं असणार, हा पुढचा निष्कर्ष. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालतच नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसरी गोष्ट क्लिपची, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केलं. पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाच्या कॅमेऱ्यातली अकरा सेकंदांची क्लिप फिरू लागली. त्यात जॉबर हातात पिशवी घेऊन गल्लीत शिरताना दिसतो, कोपऱ्यात वेळ ०३:२२. शवविच्छेदनावरून मृत्यूची वेळ दोन ते चारच्या दरम्यान असावी, असं कुठूनतरी बाहेर आलं होतं. ही वेळ अंदाजाची असते. उन्हाळ्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत, ताठरपणा लवकर येतो आणि शरीर सावकाश थंड होतं, म्हणून डॉक्टर नेहमी टप्पा देतात. गल्लीने टप्पा घड्याळाच्या काट्यासारखा धरला आणि क्लिप त्यात बसवली.

एका बातम्यांच्या पेजने क्लिपवर जॉबरच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला. दुसऱ्या दिवशी तिच्यावर दोन बाणांची खूण आली, म्हणजे ती हातोहात किमान पाच वेळा पुढे गेली होती. अशी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, पण लोकांनी ती स्टेटसला लावली आणि स्टेटसला ती अडचण नसते. तीन कारखानदारांनी जॉबरला "सध्या येऊ नका" असं कळवलं. ज्या नळाजवळ कुत्रं बसलं होतं, तिथे त्याच्या बायकोची घागर लागली की मागच्या बायका आपल्या घागरी उचलून थोड्या अंतरावर उभ्या राहू लागल्या. कुणी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. घागरी तेवढ्या सरकल्या.

कोणते पर्याय समोर होते

नवव्या दिवशी गल्लीतल्या मंडळाचे दोघे, एक निवृत्त शिक्षक, विडी कामगार बायकांमध्ये काम करणारी एक कार्यकर्ती आणि एक वकील असे पाच जण बसले. समोर आलेले पर्याय असे.

काहीच करायचं नाही, आपोआप थंड होईल. मंडळाच्या दोघांचा कल इकडे होता. शिक्षकांनी राईनपाड्याची आठवण करून दिली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं गेलं, आणि त्यातले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. पसरणारा संशय किती वेगाने हातघाईवर येतो, हे सोलापूर जिल्ह्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. हा पर्याय तिथेच बाजूला पडला.

पोलीस ठाण्यावर मोर्चा न्यायचा आणि "आठ दिवसांत अटक करा" अशी मागणी करायची. तरुण पोरांना हे हवं होतं. वकिलांनी विरोध केला आणि तो बरोबर होता. दबावाखाली अटक झाली तर ती गल्लीच्या तोंडी ज्याचं नाव आहे त्याचीच होण्याची शक्यता जास्त. नंतर पुरावा उभा राहत नाही आणि खऱ्या दिशेने जायचा वेळ निघून जातो.

"नार्को करा, दूध का दूध होईल." ही मागणी जॉबरनेच केली. "माझी नार्को करा साहेब, एकदाचं संपवा," असं तो ठाण्यात बोलूनही आला होता. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालानुसार नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही आणि संमतीने केलं तरी त्याचा निष्कर्ष पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे चाचणीतून तो कायद्याने सुटणार नव्हता, आणि चाचणीची बातमी फुटली असती तर गल्लीने तीही संशयाच्या खात्यावरच जमा केली असती. वकिलांनी त्याला समजावून ही मागणी मागे घ्यायला लावली.

बदनामीचा खटला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा अदखलपात्र आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते, पुढे स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. त्यासाठी तीन वर्षं हातात असतात. गल्लीतल्या चाळीस जणांवर खटला भरून त्याच गल्लीत राहायचं कसं, हा प्रश्न जॉबरच्या बायकोने विचारला आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. फक्त पेजला वकिलाची नोटीस पाठवायची, असं ठरलं.

ग्रुप बंद करायचा की आवरायचा? अ‍ॅडमिन घाबरलेला होता, "लोकांनी टाकलेल्यावर मी अडकतो का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. हे कळल्यावर तो ग्रुप बंद करण्याऐवजी आवरायला तयार झाला. तेच योग्य होतं. एक ग्रुप बंद केला असता तर अ‍ॅडमिन नसलेले चार तयार झाले असते.

काय केलं

सगळ्यात महत्त्वाचं काम गल्लीतल्या एका आयटीआय झालेल्या मुलाने केलं. त्याने क्लिप वीसेक वेळा पाहिली. मागे पानटपरीचं शटर अर्धं ओढलेलं होतं, आत दिवा होता. ती टपरी रात्री एकच्या आत बंद होते. मग पहाटे ०३:२२ ला ती उघडी कशी?

दुकानदाराला विनंती करून त्याने डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, पाहिला. कुठलीही फाइल हलवली नाही. दोनच गोष्टी केल्या. डीव्हीआरच्या पडद्याशेजारी आपला मोबाइल धरून दोन्ही घड्याळं एकाच फोटोत घेतली: मोबाइलवर ६:०५, पडद्यावर ८:३५. मग त्याच महिन्यातल्या एका दिवसाचं चित्रण पुढे सरकवून पाहिलं. मे महिन्यात सोलापुरात सहाच्या आत सूर्य उगवतो. या कॅमेऱ्यात उजाडायला आठ वाजत होते.

फरक बरोबर अडीच तासांचा. ही नेहमीची चूक आहे. बाहेरून आलेल्या पुष्कळ डीव्हीआरमध्ये टाइम झोन चीनचा असतो, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. बसवणारा तो बदलायला विसरला आणि यंत्र इंटरनेटवरून वेळ घेत असेल, तर हाताने कितीही वेळा दुरुस्त करा, घड्याळ परत अडीच तास पुढे जातं. म्हणजे जॉबर गल्लीत शिरला तो रात्री बारा बावन्नला. त्याला पावणेएकला एका कारखान्यातून फोन आला होता, पिशवीत पान्हे होते, आणि पहाटे पाचपर्यंत तो चार विणकरांसमोर मागाखाली होता.

पुढचा प्रश्न होता ही माहिती द्यायची कुणाला. मुलाला ती ताबडतोब ग्रुपवर टाकायची होती. वकिलांनी थांबवलं आणि दुकानदारासह तपास अधिकाऱ्यांकडे पाठवलं. पोलिसांनी रीतसर पंचनामा करून डीव्हीआर ताब्यात घेतला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नसेल तर असं चित्रण न्यायालयात अडखळतं, आणि दुकानांतल्या डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण काही आठवड्यांत पुसून त्यावर नवं चढतं. इथे ते थोडक्यात वाचलं.

त्याच संध्याकाळी पाच जणांनी मात्र चूक केली. ग्रुपवर एक ओळ गेली: "जॉबर अण्णांचा यात काही संबंध नाही." हेतू चांगला होता. अर्ध्या तासात खाली प्रश्न आला, "मग कोण?" आणि रात्रीपर्यंत पुतण्याचं नाव फिरू लागलं. फिर्यादी तोच होता, अग्नी त्यानेच दिला होता, आणि आता घर त्याला मिळणार म्हणून बोट त्याच्याकडे वळलं. एकाला नाव घेऊन मोकळं केलं की ती जागा रिकामी होते आणि लोक ती दुसऱ्याने भरतात. शिवाय पोलिसांनी कुणालाही निर्दोष म्हटलेलं नव्हतं, तपास चालू असताना ते तसं म्हणूही शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांना भेटून एवढंच विचारलं: तुम्ही काय सांगू शकता? त्यांच्या उत्तराच्या चौकटीत बसेल असा मजकूर लिहिला, तेलुगूतही वाचून रेकॉर्ड केला, ग्रुपवर वर टाचून ठेवला:

"आपल्या गल्लीतल्या घटनेचा तपास चालू आहे. आजपर्यंत कुणालाही अटक झालेली नाही. बारा जणांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. साक्षीला बोलावणं म्हणजे आरोपी करणं नव्हे. कुणाचंही नाव, फोटो, क्लिप इथे टाकू नये, टाकल्यास अ‍ॅडमिन काढतील. कुणाला काही माहीत असेल तर थेट तपास अधिकाऱ्यांना सांगावं. बायका आणि साठीपुढच्या माणसांना त्यासाठी ठाण्यात जावं लागत नाही, पोलीस घरी येऊन जबाब घेतात."

पंधरा दिवस ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था केली. कारखानदारांकडे शिक्षक स्वतः गेले, एकेकाच्या गादीवर बसून नोटिशीतला फरक समजावला.

परिणाम

पेजने नोटीस मिळाल्यावर व्हिडिओ काढला आणि सहा ओळींचा खुलासा टाकला. खुलासा मूळ व्हिडिओइतका फिरला नाही. तीनपैकी एका कारखानदाराने जॉबरला परत बोलावलं, दोघांनी नाही. अडीच महिन्यांनी त्याचं काम पूर्वीच्या निम्म्यावर आलं, ते बहुतेक दुसऱ्या गल्लीतलं. नळावरच्या घागरी हळूहळू पूर्वीसारख्या लागू लागल्या. पुतण्याने घराला कुलूप लावलं आणि तो सासुरवाडीला राहायला गेला, त्यावरूनही बोललं गेलं.

टाचून ठेवलेल्या मजकुराच्या शेवटच्या वाक्याने दोन दारं उघडली. भिशीतल्या एका बाईने निरोप पाठवला. त्या महिन्याचे अठ्ठेचाळीस हजार तिनेच, घटनेच्या दोन दिवस आधी उचलले होते. "भिशीच्या पैशांसाठी मारलं" असं गल्ली म्हणत असताना ते पैसे तिच्या ट्रंकेत होते, आणि सांगितलं तर आपल्यावरच येईल म्हणून ती गप्प होती. भिशीची वही मुद्देमालात असल्याने तिला खोडून काढणारं किंवा दुजोरा देणारं कुणी नव्हतं.

दुसरी शेजारच्या गल्लीतली विडी वळणारी अक्का. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, कधी कधी पहाटे. त्या पहाटे तिच्या गल्लीला पाणी होतं. चारच्या सुमाराला हंडा भरताना तिने मागच्या बोळातून एक माणूस बाहेर पडताना पाहिला. तीन आठवड्यांनी महिला पोलिसांनी घरी येऊन तिचा जबाब घेतला, तेलुगू येणारी शेजारीण सोबत बसवून. जॉबरला ती वीस वर्षं ओळखते. तो नव्हता, हे तिने ठाम सांगितलं. चेहरा कसा होता, असं विचारल्यावर ती बराच वेळ थांबली. नातवाच्या फोनवर ती क्लिप तिने किती वेळा पाहिली, याची गणती नव्हती. "आता डोळे मिटले की तो लाल गोलातलाच चेहरा येतो," असं ती म्हणाली.

उद्या पोलिसांनी कुणाला पकडलंच, तर ओळख परेडमध्ये या विडी वळणाऱ्या अक्काचा उपयोग किती होईल, हे यावरून कळतं. परेडला संशयितासारख्या दिसणाऱ्या इतर माणसांत त्याला उभं करतात, आणि साक्षीदाराने आधी फोटो पाहिलेला असला तर बचावाचा वकील तोच पहिला मुद्दा काढतो. इथे फोटो चुकीच्या माणसाचा होता, तरी आठवण त्याने झाकली गेली. जॉबरवर अन्याय झाला, तो निदान दिसला आणि थोडा तरी भरून काढता आला. हे नुकसान मयत बाईंचं आहे, आणि ते भरून काढायला कुणाच्याच हातात काही नाही.

हे लिहिताना कुणालाही अटक नाही. काहीच हाती लागलं नाही तर पोलीस 'अ समरी'साठी अहवाल देऊ शकतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ते कायमचं बंद होणं नसतं, नवीन धागा मिळाला तर तपास परत उघडतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तासात दारात दोन माणसं उभी करून आत कुणालाही सोडलं नसतं, तर फोटो निघाला नसता आणि नळ चालू होता की बंद यावर आज वाद नसता. अंगावर चादर टाकायचा मोह फार मोठा असतो, पण तेवढं करायचं नाही.

ग्रुप नवव्या दिवशी आवरला. तो पहिल्या सकाळी आवरायला हवा होता, फोटो पडला त्याच क्षणी. अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी मजकूर काढता येतो, हे इथल्या अ‍ॅडमिनला माहीतच नव्हतं.

नाव घेऊन मोकळं करणारी ओळ जायलाच नको होती. डीव्हीआरचा शोध पोलिसांपर्यंत पोचला होता, तिथेच थांबायचं होतं. दुसरा मजकूर पहिलाच असता तर पुतण्या कदाचित आज स्वतःच्या घरात राहत असता.

फिर्यादीला तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर आता कायद्याने बंधनकारक आहे. पुतण्याने ती लेखी मागितली नाही, कुणी सुचवलंही नाही. महिन्याला एक कागद, "अमुक इतके जबाब झाले, अमुक प्रयोगशाळेत गेलं" एवढाच, गल्लीपर्यंत आला असता तरी रोज संध्याकाळी टपरीवर नवा तपास सुरू झाला नसता.

आणि शेजारची गल्ली. पाचही जणांचं लक्ष एकाच गल्लीवर होतं. त्या रात्री पाणी कुठल्या भागाला होतं आणि पहाटे कोण कोण जागं होतं, हे पहिल्या दोन दिवसांत कार्यकर्तीला विचारलं असतं तर तिने दहा घरं सांगितली असती. विडी वळणारी अक्का तेव्हा क्लिप पाहायच्या आधीची होती.